पलीकडच्या बाईंच्या भावाचं पान

आधी जागा सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लंडनच्या हॅरो भागातलं आमचं घर सेमी-डिटॅच्ड होतं. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. मागे लांबट गार्डन, गार्डनच्या टोकाला लाकडी शेड, आणि दोन घरांच्या गार्डनच्या मध्ये छातीएवढं लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे एक वयस्कर इंग्लिश बाई एकट्या राहत. त्यांना नाव होतं आणि समोरासमोर आम्ही ते वापरायचोही. पण घरात त्या कायम ‘पलीकडच्या बाई’ राहिल्या. पुढे नुसत्याच ‘बाई’.

पुण्याहून आलो तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पहिली काही वर्षं भाड्याच्या घरात गेली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे घर घेतलं. स्वतःचं घर झालं याचा आईच्या लेखी एकच अर्थ होता: आता सगळं रीतसर करायचं. भाड्याच्या घरात तिनं बरंच काही सोडून दिलं होतं, त्यात पितृपंधरवडाही होता. नव्या घरात पहिल्याच वर्षी तिनं जाहीर केलं की सर्वपित्री अमावास्या करायची. बाबांनी विरोध केला नाही. ते कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात इंजिनियर होते आणि धार्मिक बाबतीत त्यांचं धोरण ड्रेनेजसारखंच होतं. वाहतंय तोवर उघडून बघायचं नाही.

आमच्याकडची पद्धत अशी. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भाज्या असा स्वयंपाक करायचा, पहिलं पान कावळ्यासाठी वाढून उंचावर ठेवायचं, आणि कावळा शिवला की मग घरच्यांनी जेवायचं. कावळा शिवला म्हणजे गेलेली माणसं तृप्त झाली. नाही शिवला तर कोणाची तरी इच्छा राहून गेली आहे असं समजायचं, आणि ती काय असेल याचा अंदाज घेत मोठ्यानं आश्वासनं देत राहायचं. पुण्यात गच्ची होती. हॅरोतलं छप्पर उतरतं होतं, म्हणून आईनं शेडचं छप्पर निवडलं. केळीचं पान मिळालं नाही, म्हणून फॉइलचं ताट घेतलं. फॉइलचं ताट किती हलकं असतं आणि ब्रिटनमधला शरदातला वारा किती जोराचा असतो, याचा विचार कोणीच केला नव्हता.

थोड्या वेळानं बाई कुंपणाशी आल्या. हातात आमचं ताट.

“हे तुमचं का?”

“हो,” आई म्हणाली. मग तिला ते खोटं वाटलं असावं. “म्हणजे आमचं नाही. आमच्या गेलेल्या माणसांचं.”

बाईंनी ताटाकडे पाहिलं. “वडा माझ्या गुलाबांत पडलाय. तो मी तसाच राहू दिला. त्यांना शोधायला अवघड जाणार नाही ना?”

आई हसली. आईनं इंग्लिश माणसाच्या विनोदाला हसण्याची ती मला आठवते तशी पहिलीच वेळ. मग तिनं तिच्या इंग्लिशमध्ये आणि अडेल तिथे माझ्या मदतीनं समजावलं, की प्रत्येक माणसाची तिथी असते, पण ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आजचा दिवस असतो. युद्धात गेलेले, प्रवासाला निघून परत न आलेले, ज्यांचं करायला कोणी उरलं नाही असे, सगळे.

“तारीख माहीत नसली तरी चालतं?” त्यांनी विचारलं.

“त्यांच्यासाठीच तर आहे.”

“आणि नात्यातलं नसलं तरी?”

“आज सगळ्यांना चालतं,” आई म्हणाली.

पुढच्या वर्षी बाईंनी ऑगस्टपासूनच विचारायला सुरुवात केली, की तुमचा तो दिवस यंदा कधी? अमावास्येच्या आदल्या दिवशी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी आईला सांगितलं, की मला एक भाऊ होता आणि तो कुठल्या दिवशी गेला ते कोणालाच माहीत नाही.

त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेली हकिकत मी इथे एकत्र सांगते. बाईंचं माहेर पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातलं एक खेडं. भाऊ त्यांच्यापेक्षा बराच मोठा. तो आणि गावातलाच त्याचा मित्र दगडाच्या खाणींच्या कड्यांवर चढायला शिकले आणि तिसाच्या दशकात एका छोट्या मोहिमेबरोबर हिमालयात गेले. शिखराचं नाव सांगितलं तरी कोणाला आठवणार नाही, एव्हरेस्ट नव्हे. शेवटच्या दिवशी हे दोघे वर निघाले. खालच्या तंबूतल्या तिसऱ्या सोबत्यानं त्यांना दुर्बिणीतून पाहिलं. माथ्याखालच्या बर्फाच्या उतारावर दोन ठिपके, मधलं अंतर कायम सारखं. मग ढग आला. ढग सरकला तेव्हा उतार रिकामा होता. ते माथ्यावर पोचून उतरताना गेले की पोचण्याआधीच, हे कोणालाही सांगता आलं नाही. पन्नासच्या दशकात दुसरी माणसं त्या शिखरावर चढली. त्यांना वर काहीच सापडलं नाही. पण तिथल्या वाऱ्यात रोवलेला झेंडादेखील टिकत नाही, असं तेच म्हणाले.

बाईंच्या आईनं मुलगा गेल्याचं कधी मान्य केलं नाही. चर्चमध्ये प्रार्थना होऊ दिली नाही. दगड नाही, पाटी नाही, काही नाही. दर शनिवारी त्याच्या पलंगावरची चादर बदलली जायची. आई वारल्यावर ते घर विकलं गेलं आणि गावात भावाची कसलीच खूण उरली नाही.

आईनं एवढं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. “त्याला काय आवडायचं?”

“राइस पुडिंग,” बाई म्हणाल्या. “वरची साय तो कोणाला देत नसे.”

“मग झालं तर. खीर आहेच.”

बाबा छापील पुस्तकातून तर्पण करायचे. त्यात नाव आणि गोत्र लागतं. बाईंच्या भावाचं गोत्र काय घ्यायचं म्हणून त्यांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, हे आईला तिच्या माहेरच्या गुरुजींकडून ठाऊक होतं. तेव्हापासून तो इंग्लिश गिर्यारोहक आमच्या हॅरोच्या घरात काश्यपगोत्री झाला आणि शेडच्या छपरावर दुसरं पान लागू लागलं. दोन्ही ताटांखाली बाबांनी वीट ठेवायला सुरुवात केली.

त्या वर्षांमधल्या सर्वपित्री माझ्या डोक्यात सगळ्या एकच होऊन बसल्या आहेत. आदल्या दिवशी बसनं वेम्ब्लीला जाऊन अळूची पानं आणायची. मिळाली तर पानं, नाहीतर पालक. गवार फ्रोझन. लाल भोपळा त्या वेळी दुकानांत फक्त हॅलोवीनला यायचा, म्हणजे आपल्या कामाच्या वेळी नाही. दुपारी बाई स्वतःची घडीची खुर्ची घेऊन कुंपणाच्या फाटकातून आमच्याकडे यायच्या. अंगात चांगला कोट, जणू कोणाला भेटायला निघाल्यात. आम्ही सगळे ओळीनं शेडकडे तोंड करून बसायचो. बाबा हातात झाडू घेऊन खारींवर पहारा ठेवायचे. कावळ्याऐवजी मॅगपाय आला की ठरलेला वाद व्हायचा.

“मॅगपाय कावळ्याच्याच कुळातला आहे,” बाबा म्हणायचे. “चुलत भाऊ समज.”

“चुलत चालत नाहीत,” आई म्हणायची. “हाकला त्याला.”

“काय म्हणतात त्या?” बाई मला विचारायच्या. मी सांगितलं की त्या अगदी गंभीरपणे म्हणायच्या, “बरोबर आहे. माझ्या आईचंही चुलत मंडळींबद्दल हेच मत होतं.”

हॅरोत कावळे भरपूर होते, त्यामुळे उशिरा का होईना एखादा यायचाच. तो आला की बाई उठून आईशी हस्तांदोलन करायच्या, आणि मग आमच्या टेबलावर बसून सगळं जेवायच्या. कारल्याची भाजीसुद्धा. तोंड वाकडं न करता.

बाबांना तरुणपणी सह्याद्रीतल्या किल्ल्यांचं वेड होतं. बाईंनी एकदा त्यांना भावाच्या शिखराचे फोटो दाखवले आणि त्यांचे रविवार त्यात जाऊ लागले. भिंग घेऊन बसायचे, उताराचे कोन काढायचे. बाई दरवेळी विचारायच्या, “मग? पोचले का?” आणि बाबा दरवेळी म्हणायचे, “माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की दोघे एका दोराला बांधलेले होते. ठिपक्यांमधलं अंतर बदलत नव्हतं, ते त्यामुळेच.” बाईंना हे उत्तर आवडायचं. बाकीची माणसं त्यांना बरं वाटावं म्हणून “पोचलेच असणार” म्हणायची, आणि त्या उठून चहा टाकायला जायच्या.

आता नव्व्याण्णव सालाकडे येते. मी तेव्हा कॉव्हेंट्रीला राहत होते. तिथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनच्या याद्या लावायचं काम करायचे आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार ट्रेननं हॅरोला यायचे. त्या वर्षी मे महिन्यात बातमी आली. एव्हरेस्टच्या माथ्याजवळ पंचाहत्तर वर्षांपूर्वी हरवलेल्या दोन इंग्लिश गिर्यारोहकांपैकी एकाचा देह सापडला होता. आठवडाभर टीव्हीवर, पेपरात, बसस्टॉपवर सगळीकडे तोच प्रश्न होता: ते पोचले होते का? देह सापडला तरी उत्तर सापडलं नव्हतं. त्यांच्याजवळचा कॅमेरा मिळाला असता तर कळलं असतं, म्हणे.

बाईंनी ती बातमी आमच्या सोफ्यावर बसून पाहिली. आता त्या ऐंशीच्या घरात होत्या, हृदय कुरकुरायला लागलं होतं. “निदान त्यांना एक तरी मिळाला,” एवढंच बोलून त्या घरी गेल्या.

पण त्या बातमीनं दुसऱ्या एका घरातही हालचाल झाली. बाईंच्या भावाबरोबर जो मित्र गेला, त्याच्या भाच्यानं उन्हाळ्यात बाईंना लिहिलं. गावच्या चर्चमध्ये दोघांच्या नावाचा दगड बसवावा, खर्च तो करेल. पाद्री तयार होते, फक्त दोन्ही घरांची संमती हवी. दगडावरचा मजकूर भाच्यानं ठरवून टाकला होता. दोघांची नावं, आणि खाली: ‘या शिखरावर सर्वप्रथम पाऊल ठेवणारे’.

बाईंना तो दगड हवा होता. किती हवा होता हे मला त्या ऑगस्टमध्ये कळलं. त्यांना भावासाठी गावात एक जागा हवी होती, जिथे जाऊन बसता येईल, आणि ती आपण जिवंत असताना हवी होती. पण त्या ओळीखाली त्यांना सही करवत नव्हती. “ते खरं आहे हे मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि ते खरं असेल, तर मग माझा भाऊ त्या मित्राच्या नादानं गेला.” त्यांच्या मते मित्र हा मागे न फिरणारा माणूस होता. भाऊ एकटा असता तर वेळेत वळला असता. या एका मुद्द्यावर दोन घरांचं बोलणं तेव्हापासून तुटलं होतं. त्या घरानं म्हणे याच्या उलट धरलं होतं. त्यांचा मुलगा परत आला असता, पण बाईंच्या भावासाठी थांबला.

आमच्या घरात यावरून दोन तट पडले.

“सही करून टाकावी त्यांनी,” आई म्हणाली. “गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? दगड तर होईल.”

“जे मोजलेलं नाही ते दगडावर कसं लिहिणार?” बाबा म्हणाले.

“अहो, तो दगड आहे, तुमची गटाराची लेव्हल नाही.”

“गटाराची लेव्हल चुकली तर दुरुस्त करता येते.”

मी दोघांकडे लक्ष न देता कामाला लागले. अडचण आली की पर्याय लिहून काढायचे, हा माझा स्वभाव. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी मजकुराचे वेगवेगळे नमुने टाईप केले, क्रमांक घातले, आणि बाईंच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवले. ‘शिखराजवळ हरपले’, ‘शिखरावर किंवा शिखराच्या निकट’, ‘ज्यांचा शेवट ज्ञात नाही’. बाई शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, “एकेक नमुना हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर लावायला उत्तम आहे, डार्लिंग.” मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

भाचा अधूनमधून फोन करायचा. बाई उचलायच्या नाहीत. ऑक्टोबर आला. चर्चच्या मंडळींची बैठक पुढच्या आठवड्यात होती, आणि तोवर उत्तर गेलं नाही तर विषय बाजूला पडणार होता.

सर्वपित्री त्या वर्षी शनिवारी आली. मी आदल्या संध्याकाळीच हॅरोला पोचले होते. सकाळपासून आईनं आणि मी स्वयंपाक केला, बाबांनी तर्पण केलं, शेडवर विटा ठेवून दोन पानं मांडली. बाई आपली खुर्ची घेऊन आल्या. ऊन होतं, वारा नव्हता, कावळेही होते. समोरच्या झाडावर, शेजारच्या टीव्हीच्या अँटेनावर. एक येऊन शेडच्या टोकावर बसला, आमच्या पितरांच्या पानातला भाताचा घास घेऊन गेला. दुसऱ्या पानाकडे त्यानं पाहिलंही नाही.

आम्ही थांबलो. खीर गार झाली. आई उठून शेडजवळ गेली आणि हात जोडून मराठीत म्हणाली, “दादा, तुमच्या बहिणीची काळजी करू नका. आम्ही आहोत.” कावळा ढिम्म. “त्यांच्या औषधपाण्याचं मी बघते.” ढिम्म.

“काय चाललंय?” बाईंनी विचारलं. मी सांगितलं, की तुमच्या भावाची काहीतरी इच्छा राहिली आहे, ती काय असेल याचा अंदाज चालू आहे.

आई वळून बाबांना म्हणाली, “तुम्ही म्हणा. म्हणा की तुम्ही पोचलात. तेच ऐकायचं असेल त्यांना.”

“मी नाही म्हणणार.”

“कावळ्याला सांगायचंय, कोर्टात नाही!”

“तरी नाही.”

“मग बसा उपाशी,” आई म्हणाली. ती पुन्हा त्या पानाकडे बघत राहिली. मी तिला ओळखते. ती स्वयंपाकात काही राहिलं का ते मनात तपासत होती. मग एकदम कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. “अगं, ते दोघं होते ना?”

“हो.”

“एका दोराला बांधलेले?”

“हो, आई.”

“मग इतकी वर्षं आपण एकालाच जेवायला वाढतोय? दुसरा शेजारी उपाशी बसलेला असताना हा कसा जेवेल?” आणि बाईंकडे वळून, इंग्लिशमध्ये, “तो मित्र. त्याला काय आवडायचं?”

बाईंचा चेहरा बदलला. “मला माहीत नाही.”

“मग विचारा. फोन करा.”

“त्याला? त्या भाच्याला?”

“अन्न गार होतंय,” आई म्हणाली.

मला वाटलं बाई उठून घरी जातील. त्या उठल्याही, पण आमच्या मागच्या दारातून आत गेल्या आणि हॉलमधल्या फोनपाशी उभ्या राहिल्या. पत्रावरचा नंबर त्यांना पाठ होता. मी शेजारी उभी होते, पडल्या तर धरायला. पलीकडून भाच्याचा आवाज आला आणि तो लगेच मजकुराबद्दल बोलायला लागला. बाई म्हणाल्या, “त्यासाठी फोन केलेला नाही. तुझ्या मामाला काय खायला आवडायचं?”

तो म्हणाला, “माझी आई इथेच बसली आहे, तिलाच देतो.”

बाईंनी माझा दंड धरला. भाच्याची आई म्हणजे त्या मित्राची बहीण. ती जिवंत आहे हे बाईंना माहीत नव्हतं. लहानपणी दोघी एका बाकावर बसायच्या. फोनमधला आवाज म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“टोस्टवर सार्डिन,” ती म्हणाली. “हे तू मला विचारतेस? तुमच्याच स्वयंपाकघरात बसून खायचा. तुझी आई ओरडायची, वास येतो म्हणून.”

“हो,” बाई म्हणाल्या. “हो की. खिडकी उघडायची ती.”

मी बाहेर येऊन आईला सांगितलं. सर्वपित्रीच्या पानात मासे! आईनं क्षणभर डोळे मिटले.

“आपल्याकडे चालत नाही,” बाबा म्हणाले. त्यांना मजा वाटत होती.

“आपल्याकडे चालत नाही, त्यांच्याकडे चालत असेल,” आई म्हणाली. “त्यांचं पान त्यांच्या पद्धतीनं. जा गं, दुकानातून डबा घेऊन ये. आणि टोस्ट तूच कर, बाहेर उभी राहून. माझ्या ओट्यावर तो डबा उघडायचा नाही.”

मी कॉर्नर शॉपला धावले. परत आले तरी बाई फोनवरच होत्या. बाबांनी त्यांना स्टूल नेऊन दिलं होतं. टोस्टरची वायर दारातून बाहेर ओढून मी टोस्ट केला, वर सार्डिन पसरले, आणि तिसरं पान शेडवर चढलं. भाच्याच्या मामाला गोत्र कुठलं म्हणून बाबांनी विचारलं नाही. काश्यपच म्हणून टाकलं आणि पाणी सोडलं.

कावळा आला. एक नाही, तीन आले. आधी सार्डिनवर तुटून पडले, मग टोस्ट ओढत नेताना एकाचा पाय खिरीत पडला, आणि त्यानं तिथेच चोच घातली. आईनं हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“कावळ्याला मासे आवडतात,” बाबा मला हळूच म्हणाले. “यात काही चमत्कार नाही.”

“मला कुठे म्हणायचंय?” मी म्हटलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा पानं पुसून गेली होती. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, “तिला वाटतं ते पोचले. तिच्या आईनं मरताना तिला तसंच सांगायला लावलं होतं. ते वाक्य तिच्यासाठी आहे, भाच्यासाठी नाही. तिला आता नीट दिसत नाही. दगडावर हात फिरवून वाचणार आहे म्हणे.”

“मग सही करणार?” आईनं विचारलं.

“मी तिला म्हटलं, मला वाटतं नाही पोचले. ती म्हणाली, तुला काय ठाऊक? मी म्हटलं, तुला तरी काय ठाऊक? मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की तिच्या मुलानं येऊन विचारलं, काय झालं.”

मजकूर त्या दोघींनी फोनवरच ठरवला, त्या दिवशी आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत. पाद्रींना उत्तर वेळेत गेलं. माझा एकही नमुना वापरला गेला नाही.

डिसेंबरमध्ये दगड बसला. आम्ही बाईंना आमच्या गाडीतून घेऊन गेलो, मीही कॉव्हेंट्रीहून वाटेत चढले. चर्च लहान होतं, आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. आईनं दाराशी बूट काढायचे का म्हणून विचारलं आणि बाईंनी “कृपा करून काढू नका, पाय गोठतील” म्हटलं. दुसरी बहीण भाच्याच्या हाताला धरून आली. दोघी कडकडून वगैरे भेटल्या नाहीत. एकमेकींच्या कोटाची कॉलर नीट केली. मग तिनं भिंतीतल्या दगडावर बोटं फिरवली. दोन नावं, अकारविल्हे, म्हणजे कोणाचं आधी यावरून भांडण नको. गावाचं नाव. खाली एक ओळ: ‘मित्र. एकाच दोरावर.’

ती ओळ तिनं दोनदा वाचली. “दोर कोणाचा होता?” तिनं विचारलं.

“आमचा,” बाई म्हणाल्या.

“अजिबात नाही. आमच्या दुकानातला.”

जेवणाच्या टेबलावरही ते चालूच होतं. भाचा बाबांना फोटोंबद्दल विचारत होता आणि बाबा त्याला कोन समजावत होते. दोघी बहिणी एकमेकींचं बोलणं तोडत होत्या. निघताना बाईंनी सांगितलं की मी दोन दिवस इथेच राहते, मला घ्यायला येऊ नका, ट्रेननं येईन.

परतताना गाडीत आम्ही तिघंच. एम वन हायवेवर धुकं होतं. बाबा गाडी चालवताना समोर बघतच म्हणाले, “माझं मत विचारशील, तर ते पोचले होते.”

आई त्यांच्याकडे वळली. “काय? मग इतकी वर्षं का बोलला नाहीत? त्या दिवशी कावळ्याला सांगायला काय झालं होतं?”

“ते मत आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे वाटतं. माहीत नाही.”

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. कॉव्हेंट्रीचा फाटा जवळ येत होता, मला उतरायचं होतं, म्हणून मी पर्स आवरायला घेतली.

“बाईंना सांगाल?” मी विचारलं.

“विचारतील तेव्हा सांगेन,” बाबा म्हणाले. “पण आता त्या मला नाही विचारणार. आता त्यांना भांडायला दुसरं माणूस मिळालंय.”